उत्तरे देणारे विद्यार्थी की सहसंशोधक विद्यार्थी?

शाळेतील आरोग्याच्या अभ्यासात विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली, तर थोड्या वेळात अनेकांची माहिती मिळते आणि वर्षागणिक तुलनाही करता येते. मात्र प्रश्न मोठ्यांनीच ठरवलेले असल्याने, स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुलीची अडचण तीत उमटेलच असे नाही. विद्यार्थी सहसंशोधक असले, म्हणजे प्रश्न ठरवण्यात आणि मुलाखती घेण्यात तेही सामील असले, तर असे प्रश्न तेच मांडतात, आणि संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील कलम १२ ला, म्हणजे स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याच्या मुलांच्या हक्काला, अभिप्रेत असलेला सहभाग याच्या अधिक जवळचा आहे. अर्थात त्यासाठी प्रशिक्षण व वेळ लागतो, शिवाय बोलकी मुलेच पुढे येतात. मानसिक ताणाबद्दल वर्गमित्रानेच मुलाखत घेणे मात्र मला धोक्याचे वाटते. तेथे निनावी प्रश्नावलीच बरी, फक्त तिचा मसुदा विद्यार्थ्यांनी आधी तपासलेला असावा.