एअरब्रशने रंगवलेले ‘ब्लॅक फाइव्ह’: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या डिसेंबरच्या अखेरीस मी एक एअरब्रश (दाबाच्या हवेने रंग फवारणारे पेनासारखे साधन) आणि त्याला जोडायचा छोटा कॉम्प्रेसर विकत घेतला. वाफेच्या इंजिनांची जुनी मॉडेले घरीच दुरुस्त करावीत, त्यांवर बारीक तपशील चढवावेत आणि ती पुन्हा रंगवावीत, एवढाच हेतू होता. खरेदीपूर्वी मी जी मते वाचली, ती बहुतेक पहिल्या आठवड्यातल्या उत्साहाची होती. पुण्यातला एक हिवाळा, एक उन्हाळा आणि जवळजवळ पूर्ण पावसाळा या साधनांनी पाहिल्यानंतर आणि तीन इंजिने पूर्ण रंगवून झाल्यानंतर आता सविस्तर लिहीत आहे.

एअरब्रश दुहेरी क्रियेचा आहे, म्हणजे खटका दाबला की हवा येते आणि मागे ओढला की रंग येतो. रंगाची वाटी वर आहे आणि नोझल ०.३ मिलिमीटरचे आहे. कॉम्प्रेसरला तीन लिटरची टाकी आहे. टाकीतला दाब तीन बारपर्यंत उतरला की मोटार आपोआप सुरू होते आणि चार बारला बंद होते. टाकी नसलेला कॉम्प्रेसर स्वस्त मिळतो, पण त्याच्या हवेला ठोके असतात आणि ते ठोके बॉयलरच्या गोलाईवर पट्ट्यांसारखे उमटतात. म्हणून टाकी नसलेला घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही मिळून साडेदहा हजार रुपये लागले. मास्क, रंग, पातळ करण्याचे द्रावण आणि गॅलरीत बसवलेला एक्झॉस्ट पंखा यांचा खर्च वेगळा.

रंगवलेल्या तीन इंजिनांपैकी ज्या इंजिनाने मला सर्वांत जास्त शिकवले, त्याच्याबद्दलच प्रामुख्याने सांगतो. ते आहे ‘ब्लॅक फाइव्ह’ या वाफेच्या इंजिनाचे हॉर्नबी या ब्रिटिश कंपनीने केलेले मॉडेल, चार मिलिमीटरला एक फूट या ओओ मापाचे, मुंबईतल्या एका गृहस्थांकडून जुने घेतलेले. ब्रिटिश रेल्वे अभियंते विल्यम स्टॅनियर यांच्या आराखड्यावरून १९३४ ते १९५१ या काळात अशी ८४२ इंजिने बांधली गेली. प्रवासी गाडी असो की मालगाडी, ब्रिटनमध्ये जिथे जे काम निघेल तिथे ती धावली. मला त्यांतले ४५११० क्रमांकाचे इंजिन करायचे होते. ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवर वाफेच्या इंजिनाची निरोपाची शेवटची खास प्रवासी गाडी ११ ऑगस्ट १९६८ रोजी लिव्हरपूलहून निघाली, तेव्हा तिच्या पुढे हेच इंजिन होते. ते १९३५ साली न्यूटन-ले-विलोज इथल्या व्हल्कन फाउंड्रीत तयार झाले. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, त्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेची पहिली इंजिनेही याच कारखान्यातून आली होती. हे कळल्यानंतर माझ्यासाठी दुसरा कोणताही क्रमांक उरला नाही.

मॉडेल आले तेव्हा धावत उत्तम होते, पण आधीच्या हाताळणीत डाव्या बाजूचे हँडरेल (हाताने धरायची दांडी) मोडले होते आणि कोणीतरी जाड ब्रशने काळा चकचकीत रंग फासला होता. इथे मापाचा हिशेब लक्षात घ्यावा लागतो. मॉडेलवर ०.१ मिलिमीटर जाडीचा रंग म्हणजे खऱ्या इंजिनावर साडेसात मिलिमीटरचा थर. खऱ्या रिव्हेटचे डोके एवढ्या थराखाली बुजून जाईल. तसेच झाले होते. टेंडरच्या (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याच्या) बाजूंवरच्या रिव्हेटच्या रांगा केवळ बोट फिरवले तरच जाणवत होत्या.

जुना रंग काढण्यासाठी मी मोटार, चाके आणि सर्व धातूचे भाग वेगळे करून प्लास्टिकचे धड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ठेवले. आधी आतल्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर कापसाच्या बोळ्याने तपासून पाहिले होते, तरी माझी एक चूक झाली. दर अर्ध्या तासाने पाहायला हवे होते, त्याऐवजी मी ते रात्रभर तसेच ठेवले. सकाळी रंग सुटलेला होताच, पण डिंकाने चिकटवलेली शिट्टी आणि दोन लहान नळ्याही तळाशी पडल्या होत्या. द्रव चाळणीतून ओतला म्हणून त्या वाचल्या. तेव्हापासून धड भांड्यात ठेवताना मी खाली चहाची गाळणी ठेवतो आणि मऊ टूथब्रशने थोडे थोडे घासत राहतो.

हँडरेलसाठी ०.४५ मिलिमीटर जाडीची पितळी तार वापरली. गुंडाळीतून काढलेली तार कधीच सरळ नसते. तिचे एक टोक शेगड्यात (व्हाइसमध्ये) आणि दुसरे पकडीत धरून एक खंबीर झटका दिला, की ती किंचित ताणली जाते आणि सुतासारखी सरळ होते. हँडरेलच्या खुंट्यांसाठी अर्ध्या मिलिमीटरची छिद्रे हातड्रिलने पाडावी लागतात. अशी ड्रिले मोडणारच, हे धरून दहा-दहाचे पाकीट घ्यावे. खुंट्या फेविक्विकने चिकटवताना थेंब बाहेरून देऊ नये. त्याच्या वाफेने काळ्या प्लास्टिकवर पांढरी बुरशी आल्यासारखा डाग पडतो. सुईच्या टोकावर घेतलेला अगदी छोटा थेंब धडाच्या आतल्या बाजूने लावला, तर बाहेर काहीच दिसत नाही. पितळावर अक्रिलिक रंग टिकत नाही, म्हणून तार लिंबू-मिठाने घासून, धुऊन, वाळवून तिच्यावर धातूसाठीचा वेगळा प्रायमर दिला. ही पायरी मी पहिल्या इंजिनावर गाळली होती. दोन महिन्यांत त्याची सगळी हँडरेले पुन्हा पिवळी दिसू लागली.

आता काळ्या रंगाकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्या कामाचे यश त्याच्यावर ठरते. काळे इंजिन शुद्ध काळ्या रंगाने रंगवू नये. मॉडेल आपण साधारण अर्ध्या मीटरवरून पाहतो, म्हणजे या मापात खरे इंजिन अडतीस मीटरवरून पाहिल्यासारखे. तेवढ्या अंतरावर हवा, धूळ आणि आकाशाचा उजेड यांमुळे कोणताही काळा पृष्ठभाग थोडा राखाडी दिसतो. डबीतला निव्वळ काळा रंग हे सगळे गिळून टाकतो आणि मग छिद्रे पाडून, तारा ताणून केलेला एकही तपशील डोळ्यांना दिसत नाही. मी प्लास्टिकच्या चमच्यांवर पाच मिश्रणे फवारून खिडकीतल्या उजेडात ठेवली आणि दोन दिवस येता-जाता पाहिली. शेवटी बॉयलर आणि टेंडर यांच्यासाठी टामिया या रंगांच्या कंपनीचा एक्सएफ-६९ हा किंचित राखाडी काळा निवडला. स्मोकबॉक्सचा (बॉयलरच्या पुढच्या धुराच्या पेटीचा) रंग उष्णतेने उडतो, म्हणून तिथे त्यातच थोडा गडद राखाडी घातला. खालच्या सांगाड्यासाठी एक्सएफ-६४ या तांबूस तपकिरीचा एक भाग मिसळला. तीन काळे एकमेकांशेजारी आले आणि इंजिनाला खोली आली. एअरब्रश घेतल्याचे खरे सार्थक मला तेव्हा वाटले, कारण हे बारीक फरक ब्रशने किंवा दुकानातल्या फवारणीच्या डब्याने मला कधीच साधले नव्हते.

रंग त्याच कंपनीच्या द्रावणात निम्मे-निम्मे पातळ करून १५ ते १८ पीएसआय (एक बारहून किंचित जास्त) दाबावर, सुमारे दहा सेंटिमीटर अंतरावरून फवारतो. पहिला थर इतका विरळ असतो की खालचे प्लास्टिक दिसत राहते आणि मन अस्वस्थ होते. तरी थांबावे. असे चार थर दिल्यावर टेंडरच्या रिव्हेटांच्या रांगा तिरप्या उजेडात एकेक मोजता आल्या. ते पाहून झालेला आनंद मी अजून विसरलेलो नाही.

ऋतूंचा परिणाम विक्रेता सांगत नाही, म्हणून तो सांगतो. एप्रिलमध्ये दुपारी काम केले, तर अक्रिलिक रंग सुईच्या टोकावरच वाळत असे आणि काही कण हवेतच सुकून पृष्ठभागावर रव्यासारखे बसत. वाळण्याचा वेग कमी करणारे द्रव्य काही थेंब घालणे आणि सकाळी आठच्या आत काम संपवणे, हे दोनच उपाय मला लागू पडले. पावसाळ्यातली अडचण याच्या नेमकी उलट आहे. दमट हवा दाबली जाते तेव्हा तिच्यातले पाणी टाकीत आणि नळीत साचते आणि अचानक रंगाबरोबर थेंब बाहेर पडतो. जुलैत कॉम्प्रेसरच्या तळाचा स्क्रू उघडला, तेव्हा बशीभर तांबूस पाणी निघाले. आता दर वेळी काम संपल्यावर टाकी रिकामी करतो आणि एअरब्रशच्या अगदी जवळ दुसरा पाणी-सापळा बसवला आहे. त्याच महिन्यात लॅकरचा चकचकीत थर दिल्यावर केबिनच्या छपरावर दुधाळ धुके आले. ते तसेच ठेवून चार कोरड्या तासांची वाट पाहिली आणि पुन्हा अगदी पातळ थर दिला, तेव्हा ते विरले. मुसळधार पावसाच्या दिवशी लॅकर उघडूच नये.

सर्वांत जास्त संयम लागतो तो क्रमांक आणि रेघांच्या कामाला. ब्रिटिश रेल्वेच्या या मिश्र वाहतुकीच्या काळ्या रंगसंगतीत केबिन आणि टेंडरवर लाल, मोतिया आणि राखाडी अशा तीन रेघा असतात. मी फॉक्स कंपनीची ट्रान्सफरे, म्हणजे पाण्यात भिजवल्यावर कागदावरून सुटणारी पातळ छापील चित्रे, वापरली. मॅट पृष्ठभागावर ती थेट लावली, तर खाली हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकतात आणि कडेला चंदेरी झाक दिसते. म्हणून आधी चकचकीत वॉर्निश, मग ट्रान्सफर आणि शेवटी सर्वांवर मॅट थर, हा क्रम सोडू नये. ट्रान्सफर भिजवायला मी बॅटरीत घालायचे शुद्ध (डिस्टिल्ड) पाणी वापरतो, कारण आमच्या इमारतीतले बोअरचे पाणी वाळले की पांढरे डाग ठेवते.

केबिनच्या बाजूची चौकट लावताना मी हे असे केले. निळ्या बाटलीतले मायक्रो सेट हे ट्रान्सफर बसवण्याचे द्रावण ब्रशने पृष्ठभागावर लावले, लांब रेघ चिमट्याने न उचलता कागदावरून ब्रशने हलकेच सरकवत आणली आणि पोलादी पट्टीच्या कडेला समांतर बसवली. वाकलेल्या कोपऱ्याचा तुकडा वेगळा कापला आणि लाल रेघ लाल रेघेला भिडते का, ते भिंगातून पाहिले. सगळे जुळल्यावरच लाल बाटलीतले मायक्रो सोल टिपले. त्याने पातळ पापुद्रा मऊ होतो, क्षणभर सुरकुततो आणि मग रिव्हेटांवर बसून जातो. सुरकुत्या पडल्या की हात लावण्याचा मोह होतो, पण त्या वेळी बोट लागले तर सर्व काम वाया जाते. एका बाजूला मला अडीच तास लागले.

१९६८ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या वायव्येकडील मोजक्या शेडांमध्ये उरलेली इंजिने धुतली जात नव्हती. मी ४५११० ची शेवटच्या गाडीसाठी पुसून काढण्याआधीची अवस्था निवडली. मळ चढवताना खऱ्या इंजिनावर पाणी, तेल आणि राख कुठून कुठे वाहते, याचा विचार करावा. बॉयलर धुण्यासाठी असलेल्या झाकणांखाली क्षारांचे पांढरे ओघळ येतात, सिलिंडरपाशी तेलाने चमक येते आणि बॉयलरच्या पाठीवर धुराची काजळी साचते. पांढरे ओघळ एक्सएफ-५७ या पिवळट रंगाने अत्यंत पातळ करून काढले आणि तिसऱ्या ओघळावर थांबलो. बाकीची धूळ दाढीच्या पात्याने पेस्टल खडू खरवडून, त्याची पूड मऊ ब्रशने चोळून आणली. टेंडरमध्ये मात्र खरा कोळसा हवा. इस्त्रीवाल्याकडचा लोणारी कोळसा मॅट आणि हलका असतो, तो खोटा दिसतो. लोहाराकडून आणलेला दगडी कोळसा फडक्यात गुंडाळून हातोडीने फोडला, की त्याचे कापलेल्या काचेसारखे पैलू अगदी लहान तुकड्यांतही टिकतात. तो पाणी घातलेल्या फेविकॉलने आणि भांड्यांच्या साबणाच्या एका थेंबाने बसवला.

साधनांच्या तक्रारी दोन. चौथ्या महिन्यात सुईभोवतीचे सील झिजून हवा मागे येऊ लागली. नवीन सील मिळवायला विक्रेत्याकडे पाच आठवडे पाठपुरावा करावा लागला. कॉम्प्रेसरचा दाबमापक खालच्या टोकाला दोन-तीन पीएसआय जास्त दाखवतो, म्हणून मी आता आकड्यापेक्षा टाकाऊ प्लास्टिकवरच्या फवाऱ्यावर विश्वास ठेवतो. नोझल मात्र मीच जास्त पिळून फोडले. ते हाताने घट्ट बसले की पाना लावू नये. एवढे सोडले, तर नऊ महिन्यांत मोटार एकदाही बंद पडली नाही आणि रात्री दहाला शेजारच्या खोलीत कोणाची झोपही मोडली नाही. रंग बदलताना करावी लागणारी साफसफाई दर वेळी पंधरा-वीस मिनिटे घेते. ज्यांना वर्षाकाठी एखादेच इंजिन रंगवायचे आहे, त्यांनी हा खर्च करू नये. त्यांना फवारणीचे डबे आणि चांगले मऊ ब्रश पुरेसे आहेत.

चाके रंगवताना रुळाला टेकणाऱ्या कडेवर रंग गेला, तर वीज मिळत नाही आणि इंजिन थबकत चालते. दांड्यांच्या मागे स्वच्छ सावल्या राहू नयेत, म्हणून मी तारा जोडून चाके हळूहळू फिरती ठेवूनच फवारणी केली आणि नंतर कापसावर अल्कोहोल घेऊन कडा पुसल्या. त्यानंतर तीन महिने हे इंजिन आठवड्यातून दोन-तीनदा धावते आहे. कनेक्टिंग रॉडवरचा तेलकट मळ जिथे घासतो तिथे धातू उघडा पडला आहे, आणि तो तसाच ठेवावा असे वाटते, कारण खऱ्या रॉडवरही तसेच होते. उचलताना जिथे बोटे टेकतात, त्या बॉयलरच्या बाजूच्या पट्टीच्या (रनिंग प्लेटच्या) दोन जागा मात्र गुळगुळीत झाल्या आहेत. पाऊस ओसरला की तिथे पुन्हा एक पातळ मॅट थर देईन, आणि यापुढे इंजिन टेंडरखालून दोन्ही हातांनीच उचलेन.