फ्रंट एक्सलची कुईं शोधायला घेतलेलं सहा माइकचं किट, वापरल्यावर काय वाटलं

ज्यांच्या फोर बाय फोर पिकअपला पुढून बारीक कुईं यायला लागलीय आणि जो भेटेल तो वेगळंच निदान ठोकतोय, त्यांच्यासाठी लिहितोय. किट म्हणजे सहा क्लॅम्प, प्रत्येकात छोटा माइक, लांबलचक वायरी, चॅनल बदलायचा एक डबा आणि हेडफोन. क्लॅम्प गाडीखाली लावायचे, गाडी चालवायची आणि खटका फिरवत ऐकायचं की कुठला माइक जास्त ओरडतोय. स्क्रीन नाही, ॲप नाही, कान आपलेच.

घ्यावं का? हो, पण फुकटातल्या टेस्ट उरकल्यावरच. रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की आवाज बदलतो तर आधी टायर बघा, पुढचे मागे टाकून बघा. वळताना एका बाजूला घुमतो आणि दुसरीकडे वळलं की कमी होतो तर व्हील बेअरिंगचा संशय. आणि ज्यांच्याकडे हाताने फिरवायचे फ्री व्हील हब (पुढची चाकं हाफ शाफ्टला जोडायचे-सोडवायचे खटके) आहेत त्यांनी टू-हायमध्ये (इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना) हब एकदा लॉक, एकदा फ्री करून चालवून बघा, कारण फ्री केल्यावर हाफ शाफ्ट, डिफ्रन्शियल, पुढचा प्रॉपेलर शाफ्ट सगळं जवळजवळ थांबतं. माझ्या गाडीत फ्री केल्यावर कुईं गायब, आणि इथेच गॅरेजवाला म्हणाला की झालं, क्राऊन-पिनियन (डिफ्रन्शियलमधली दात्यांची जोडी) गेलं, पूर्ण सेट बदला. अहो पण त्याच वेळी ट्रान्सफर केसचं (प्रॉपेलर शाफ्टमधून पुढे-मागे ताकद पाठवणारा डबा) पुढचं आउटपुटही फिरायचं थांबतं ना, मग ते निर्दोष कसं ठरवलं? किट उपयोगी पडतं ते इथेच.

मी एक क्लॅम्प पिनियनजवळ हाऊसिंगच्या बरगडीला लावला, दोन डाव्या-उजव्या नकलला (एक्सलच्या टोकाला चाक धरणारा भाग), एक क्राऊनच्या बाजूच्या बेअरिंगशी, एक ट्रान्सफर केसच्या पुढच्या आउटपुटला, आणि सहावा मुद्दाम मागच्या डिफ्रन्शियलला, कारण चासीतून आवाज असा पळतो की मागचा बिघाड सुद्धा पायाखाली वाजल्यासारखा वाटतो. त्याआधी सगळे क्लॅम्प एकाच जागी लावून ऐका हे मात्र पक्कं, माझ्या किटमधला एक माइक बाकीच्यांपेक्षा ठळक वाजायचा आणि हे माहीत नसतं तर निदान तिथेच भरकटलं असतं. पातळ पत्र्याला लावू नका, पत्रा स्वतःच खणखणतो, जाड कास्टिंगलाच लावा.

हब लॉक करून टू-हायमध्ये पिनियनचा चॅनल सरळसरळ सगळ्यांच्या वर होता, ट्रान्सफर केसला तोच आवाज पण बराच मंद. सूर पण जुळत होता, म्हणजे डिफ्रन्शियलचा रेशो 4.10 असेल तर चाकाच्या एका फेऱ्यात पिनियन चारपेक्षा जास्त फेरे मारतो, त्यामुळे त्याच्या बेअरिंगची कुईं बारीक लागते आणि चाकाच्या वेगाने फिरणारी बेअरिंगं खालच्या सुरात घुमतात.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. टू-हायमध्ये ॲक्सिलेटर दाबून-सोडून फ्रंटचं निदान करण्यात काही दम नाही, तिथे पुढच्या एक्सलवर इंजिनाचा लोड नसतोच, चाकंच त्याला फिरवत असतात. लोडखाली ऐकायचं तर फोर-हाय (ताकद चारही चाकांना), आणि पार्ट टाइम सिस्टीम (फोर-हायमध्ये पुढचा-मागचा एक्सल थेट जोडणारी) असेल तर फक्त मातीवर किंवा खडीवर, कोरड्या डांबरावर नाही, नाहीतर वाइंडअप होऊन, म्हणजे शाफ्टमध्ये पीळ साठून दुसरंच काहीतरी मोडेल.

किटचं बोलणं तपासायला पुढचा प्रॉपेलर शाफ्ट काढला आणि हब लॉक ठेवून चालवलं. आता ट्रान्सफर केसचं आउटपुट स्थिर, पिनियन मात्र चाकांमुळे फिरतोय. कुईं तशीच! पिनियनचा फ्लँज हाताने हलवला तर खेळ लागला. ऑइल काढलं तर मॅग्नेटच्या ड्रेन बोल्टवर राखाडी पेस्ट होती (थोडीफार पेस्ट सगळ्यांच्यात असते) आणि वर चमकदार खपल्या, त्या नसायला हव्यात. उघडल्यावर पिनियनच्या बेअरिंगच्या रोलरवर खड्डे निघाले, क्राऊनचे दात चांगले. म्हणजे बेअरिंग, नवीन क्रश स्लीव्ह (बेअरिंगमधली दबणारी नळी), सील, आणि प्रीलोड-बॅकलॅश (बेअरिंगचा ताण आणि दात्यांमधला खेळ) नीट सेट करणं एवढ्यावर भागलं. मूळ कारण बहुतेक चोंदलेला ब्रीदर (एक्सलमधली हवा बाहेर सोडणारं भोक), आत दाब वाढून सीलमधून ऑइल हळूहळू गेलेलं.

आता नावं ठेवायची तर क्लॅम्पचे दात ग्रीसवर घसरतात, आधी पुसून घ्या. वायर बांधायचे बंद अपुरे, जास्तीचे केबल टाय घ्याच, फिरणाऱ्या शाफ्टपासून आणि सायलेन्सरच्या पाइपापासून वायर लांब ठेवा. वेग वाढला की वाऱ्याचा आवाज माइकमध्ये घुसतो, सगळ्यात वैताग तो. सोबतचे हेडफोन अगदीच सुमार. आणि ऐकणारा माणूस वेगळा हवा, गाडी चालवणाऱ्याने हेडफोन घालायचे नाहीत.

किट फक्त जागा दाखवतं. दात खराब की बेअरिंग, हे त्याच्यातून कळत नाही, त्याला ऑइल आणि पाना लागतोच. तुमची गाडी वर्षानुवर्षं गप्प असेल तर विकत घेऊ नका, कोणाकडून तरी मागून आणा.