आर म्हणजे रॉजर की रोमिओ?

वायरलेसवर अक्षर नीट कळावं म्हणून त्याच्या जागी ठरलेला शब्द म्हणतात. आर हे एकच अक्षर, त्याला अशी दोन नावं. रॉजर थोरला. मोर्सच्या काळात निरोप पोचला की 'रिसीव्ह्ड'चा आर टकटकवायचे: टिंब, रेघ, टिंब. पुढे 1941 च्या अमेरिकी सैन्याच्या वर्णमालेत आर म्हणजे रॉजर ठरलं आणि 'पोचलं' सांगायलाही तोच शब्द रुळला.

अडचण इंग्रजीबाहेर होती. फ्रेंच माणूस हेच नाव 'रोझे' वाचतो. नागरी विमानसेवेसाठी इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांना सारखेच जमतील असे शब्द निवडले गेले, त्यात रोमिओ आला. ज्युलिएटही आहे, फ्रेंचांनी शेवटचा 'ट' गिळू नये म्हणून तिच्या स्पेलिंगमध्ये टी दोनदा! 1956 मध्ये यादी पक्की झाली, त्याआधी काही शब्द बदलले, पण रोमिओ टिकला.

अक्षर कळवायचं असेल तर माझं मत सरळ रोमिओला. भारतीय विमानाची नोंदणी व्हीटी या अक्षरांनी सुरू होते, ती वायरलेसवर 'व्हिक्टर टँगो' अशीच सांगतात. त्यात पुढे आर आला तर रोमिओच. तिथे रॉजर म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, 'निरोप पोचला' म्हणताय.

रॉजर मात्र हटला नाही, फक्त काम बदललं. त्याचा अर्थ 'तुमचं सगळं ऐकू आलं' एवढाच. सिनेमावाले तो सर्रास 'हो' म्हणून वापरतात, ते चूक. होकाराला 'अफर्म', सूचना पाळणार असाल तर 'विल्को'. 'धावपट्टी मोकळी आहे का?' याला 'रॉजर' हे उत्तरच नव्हे.