पैसे आले, पण कुणाचे?

यूपीआयचा पिन टाकायचा तो पैसे देताना, घेताना नाही, हे मला पाठ होतं. तरी माझा ८२ हजारांचा कॅमेरा गेला. त्याचे आलेले पैसेही गेले आणि सात आठवडे पगाराचं खातं बंद राहिलं ते वेगळंच.

नोकरी सांभाळून पंधरा वर्षं लग्नांचे फोटो काढले. मग खांदा धरला. दोन किलोचा ऐवज दिवसभर गळ्यात अडकवणं जमेना, म्हणून निकॉनची डी ७५० बॉडी आणि २४-७० लेन्स विकायला काढली. जाहिरातीत दोन्हींचे मिळून ८५ हजार लावले.

तासाभरात पहिला फोन आला. साहेब म्हणे सीआयएसएफमध्ये, मुंबई विमानतळावर ड्यूटी, बघायला यायला सुट्टी नाही. गणवेशातला फोटो आला, ओळखपत्र आलं, कॅन्टीनचं कार्डही आलं. मी न मागता! भाव मात्र एका शब्दाने केला नाही. जुनी वस्तू घेणारा घासाघीस करत नसेल तर त्याला वस्तू नकोच असते. अपेक्षेप्रमाणे आधी पाच रुपये टाकून विश्वास बसवला आणि मग क्यूआर कोड पाठवला, ‘स्कॅन करून पिन टाका, बाकीचे जमा होतील.’ मी वीस मिनिटं त्याला खेळवलं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसभर किस्सा सांगत फिरलो. तिथेच माझं घोडं पेंड खात होतं. सापळा कसा असतो ते आपल्याला कळलं, अशी माझी समजूत झाली.

चार दिवसांनी दुसरा आला. पंचविशीचा मुलगा. फोनवर पहिलाच प्रश्न, ‘काका, शटर काउंट किती?’ म्हणजे कॅमेऱ्याने आजवर किती फोटो काढलेत. मग लेन्समध्ये फंगस आहे का, बिल आहे का, खोका आहे का. ८५ वरून ७८ मागितले, शेवटी ८२ वर ठरलं. ठाणे स्टेशनबाहेरच्या एका उपाहारगृहात भेटलो. त्याने मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या आरपार धरून डाग शोधले, झूमची रिंग फिरवून पाहिली, दोन-तीन फोटो काढून मोठे करून बघितले. मला बरं वाटलं. वस्तू चांगल्या हातात पडतेय, असं चक्क मनात आलं.

‘पैसे दादा पाठवतोय, तुमच्या क्यूआरचा फोटो घेऊ?’ मी फोन पुढे केला. त्याने फोटो काढून कुणालातरी पाठवला आणि आम्ही चहा पीत बसलो. दहा मिनिटांत ४० हजार, पाठोपाठ ४२ हजार. मी मेसेजवर विसंबलो नाही, बँकेचं ॲप उघडून शिल्लक तपासली. पैसे खरोखरच आले होते. पाठवणाऱ्याच्या जागी एका बाईंचं नाव होतं. विचारलं तर म्हणाला, ‘वहिनीचं खातं आहे.’ चहाचे पैसे मीच दिले.

बाराव्या दिवशी औषधाच्या दुकानात कार्ड चाललं नाही. बँकेत गेलो तर काउंटरवरची मुलगी हळू आवाजात म्हणाली, ‘सर, सायबरचा होल्ड आहे. आमच्या हातात काही नाही.’ अख्खं खातं गोठलेलं. त्यात पगार, त्यातूनच घराचा हप्ता. हप्ता बाउन्स झाला, त्याचा दंड वेगळा.

काय घडलं होतं ते पुढे परराज्यातल्या सायबर ठाण्याच्या अंमलदाराने फोनवर सांगितलं. एका निवृत्त शिक्षिकेला फोन आला होता, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, खात्यातल्या पैशांची ‘पडताळणी’ करावी लागेल. ज्याला हल्ली डिजिटल अरेस्ट म्हणतात, तो प्रकार. त्यांना तासन् तास फोनवर अडकवून ठेवलं आणि पैसे भरायला जो क्यूआर पाठवला तो माझा होता. म्हणजे मी ठाण्यात चहा पीत शटर काउंटच्या गप्पा मारत होतो, त्याच दहा मिनिटांत त्या बाई रडत रडत माझ्या खात्यात पैसे भरत होत्या. हे ऐकल्यावर मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

चोराच्या बाजूने बघा. त्याला स्वतःचं खातं वापरावंच लागत नाही. चोरीचा पैसा माझ्या खात्यात येतो आणि त्याच्या बदल्यात बाजारात लगेच विकली जाणारी वस्तू त्याच्या हातात पडते. कॅमेरा, आयफोन, सोन्याची नाणी, भारी घड्याळ, काहीही. बाईंनी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली की पैशाचा माग निघतो आणि पहिलं खातं सापडतं ते माझं. कागदावर चोर मीच.

अंमलदाराने विचारलं, ‘खरेदीदाराचं नाव?’ माझ्याकडे चॅटमधलं पहिलं नाव होतं, तेही खोटं. सिम भलत्याच्याच नावावर. उपाहारगृहातलं सीसीटीव्ही चित्रण तोवर पुसलं गेलेलं. बॉडीचा आणि लेन्सचा सिरियल नंबर मी जपून लिहून ठेवला होता. माणसाचं काहीच लिहून घेतलं नव्हतं.

कुणाचं खातं असं अडकलं असेल तर एवढं करा. शाखेतून तक्रारीचा क्रमांक आणि संबंधित पोलीस ठाण्याचा ईमेल लेखी मागून घ्या, तोंडी माहितीवर परत येऊ नका. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, पूर्ण चॅट, वस्तूचं मूळ बिल आणि सिरियल नंबर एकत्र करून त्यांना पाठवा. चॅट डिलीट करू नका, राग आला तरी. अख्खं खातं न गोठवता वादातल्या रकमेपुरताच होल्ड ठेवावा, असे निर्देश केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिले होते. ओळखीच्या वकिलांनी त्याचा हवाला देऊन अर्ज लिहून दिला. सातव्या आठवड्यात खातं मोकळं झालं, ८२ हजार सोडून.

त्या ८२ हजारांसाठी भांडायचं की नाही? मी वस्तू दिली होती, प्रामाणिकपणे विकली होती. वकील म्हणाले, बाजू मांडता येईल. घरी हिने एवढंच विचारलं, ‘त्या बाईंनी कॅमेरा घेतलाय का?’ मी रक्कम त्यांना परत द्यायला हरकत नसल्याचं लिहून दिलं. दुसऱ्या कुणाला वेगळं वाटू शकेल, मी वाद घालणार नाही. कॅमेऱ्याची तक्रार मी स्वतंत्र नोंदवली आहे. मुंबईच्या बोरा बाजारातल्या जुन्या सामानाच्या दुकानांत सिरियल नंबर देऊन आलोय, अजून कुणाचा फोन नाही.

गेल्या महिन्यात उरलेला फ्लॅश आणि ८५ मिमीची लेन्स विकायला काढली. या वेळी विक्रीचे पैसे घ्यायला एक वेगळं बचत खातं उघडलं, त्यात हजारभर रुपयेच ठेवतो. क्यूआरचा फोटो कुणालाही देत नाही. समोरच्याने समोर उभं राहून स्वतःच्या फोनने स्कॅन करायचं, आणि पैसे पाठवणाऱ्याचं नाव त्याच्या ओळखपत्रावरच्या नावाशी जुळलं पाहिजे. दादा, वहिनी, मित्र, कुणाचंही खातं चालणार नाही, हे फोनवरच सांगतो. दोघांनी तिथेच माघार घेतली. त्यातला एखादा खरा गिऱ्हाईक असेलही, असू दे.

तिसरा आला. बँकेच्या शाखेतच भेटलो. साध्या कागदावर विक्रीची पावती लिहिली, वस्तू, सिरियल नंबर, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या. आधारची प्रत मागितली तर त्याने पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार पाठवलं आणि म्हणाला, ‘काका, पूर्ण नंबर नाही देणार. तुम्हीही मला अनोळखीच आहात.’

मी त्याला दोन हजार कमी केले.