जुन्या लॅपटॉपवर हायकू बसवावी की रिॲक्टओएस?

डिचोलीच्या आमच्या घरी माळ्यावर पडलेल्या, बॅटरी पार गेलेल्या लॅपटॉपवर या दोन्ही प्रायोगिक ऑपरेटिंग सिस्टीम मी बसवून पाहिल्या. दोन्ही अडखळतात, त्यामुळे निवड करताना अडल्यावर कारण कोठे दिसते, हे आधी पाहावे.

बीओएस (BeOS) या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या वारशातून 2001 मध्ये सुरू झालेल्या हायकूची पाचवी बीटा, म्हणजे चाचणीसाठीची, आवृत्ती सप्टेंबर 2024 मध्ये आली. ती सुरू होताना पडद्यावर चिन्हांची एक रांग उजळत जाते, आणि माझ्याकडे ती डिस्कच्या चिन्हावर थांबली, तेव्हा घोळ डिस्क सापडण्यात आहे एवढे तरी कळले. यंत्र चालू करणारी मूळ प्रणाली जुनी बायोस असेल तर शिफ्ट दाबून धरल्यास, आणि नवी यूईएफआय असेल तर स्पेसबार वारंवार दाबल्यास, बूट मेनू उघडतो. तेथे सुरक्षित ग्राफिक्स निवडता येते, एसीपीआय (वीज आणि हार्डवेअर सांभाळणारी व्यवस्था) बंद करता येते आणि संदेश थेट पडद्यावर मागवता येतात. यूईएफआय लॅपटॉपवर सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त सिस्टीमच सुरू होऊ देणारी सोय) आधी बंद करावे लागते. फाइली उतरल्या तरी यंत्र सुरू होत नसेल, तर बूटएक्स64.ईएफआय ही फाइल ईएफआय विभाजनातील (डिस्कवरील सुरुवातीच्या फाइलींच्या भागातील) योग्य फोल्डरमध्ये आहे का, हे तपासावे. ती पुष्कळदा हातानेच ठेवावी लागते.

रिॲक्टओएसचा हेतू निराळा आहे: विंडोजचे प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर तिच्यावर चालावेत. मात्र ती अजून अल्फा, म्हणजे बीटाच्याही आधीच्या कच्च्या, अवस्थेत आहे. एफ8 दाबून सेफ मोड (मोजक्याच ड्रायव्हरांवर सुरू होण्याची सोय) मिळतो, पण बिघाडाचा तपशील मुख्यतः सिरियल पोर्टमधून (दुसऱ्या यंत्राला तारेने जोडण्याच्या जुन्या खाचेतून) बाहेर पडतो, आणि लॅपटॉपला असा पोर्ट शोधून सापडत नाही. काळा पडदा आला की आपण चाचपडत राहतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकातच दुसरा आभासी संगणक (व्हर्च्युअल मशीन) चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, हाच पोर्ट एका फाइलकडे वळवता येत असल्याने तेथे तीच सिस्टीम बरीच बोलकी होते.

आमच्याकडे पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. रिॲक्टओएस एफएटी या जुन्या, जर्नल नसलेल्या फाइलप्रणालीच्या विभाजनावर उतरत असताना वीज गेली आणि मला सगळे पहिल्यापासून करावे लागले. हायकूची बीएफएस फाइलप्रणाली जर्नल, म्हणजे होऊ घातलेल्या बदलांची नोंद, ठेवते, त्यामुळे अशा वेळी निदान तिची रचना सहसा शाबूत राहते. अर्धवट लिहिलेल्या मजकुराची हमी अर्थातच नाही.

म्हणून प्रत्यक्ष लॅपटॉपसाठी मी हायकू सुचवीन, तीही आधी पेनड्राइव्हवरून चालवून वायफाय आणि टचपॅड पारखल्यावरच. दुकानाचा एखादा जुना विंडोज प्रोग्रॅम चालवून पाहायचा असेल, तर रिॲक्टओएस व्हर्च्युअल मशीनमध्येच ठेवावी.