वचनांचा डबा: जूनपासून वापरतोय, त्याबद्दल

मुलांकडून बायबलमधलं वचन पाठ करून घेणं अवघड नाही. नाताळच्या कार्यक्रमाआधीच्या आठवड्यात कुठल्याही ख्रिस्ती घरात डोकवा, पोरं घडाघडा म्हणून दाखवतील. तीच ओवी (वचनाला आम्ही ओवीही म्हणतो) फेब्रुवारीत विचारा. आमची थोरली चौथीत आहे. गेल्या वर्षी तिने शब्बाथशाळेच्या (चर्चमधल्या मुलांच्या बायबलवर्गाच्या) पाठांतरात बक्षीस आणलं, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यातली निम्मी वचनं तिला पहिल्या दोन शब्दांपुढे सरकेनात. म्हणून शाळा सुरू होताना आम्ही घरात कार्डांचा डबा सुरू केला. आता पुन्हा नाताळ तोंडावर आलाय, तेव्हा काय जमलं आणि काय नाही ते लिहिते.

ही पद्धत शार्लट मेसन (१८४२–१९२३) या इंग्लंडमधल्या शिक्षणतज्ज्ञ बाईंच्या नावाने ओळखली जाते. मुलांना घरीच शिकवणाऱ्या अमेरिकेतल्या ख्रिस्ती कुटुंबांत ती बरीच चालते. सामान म्हणजे एक डबा, स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी रेघांची कार्डं आणि मध्ये घालायला ४१ पुठ्ठे: एक ‘रोज’चा, एक ‘सम’, एक ‘विषम’, सात वारांचे आणि १ ते ३१ तारखांचे. नवं वचन ‘रोज’च्या मागे. ते पाठ झालं की सम किंवा विषममध्ये जातं, म्हणजे दिवसाआड येतं. पुढे एखाद्या वारामागे, म्हणजे आठवड्यातून एकदा. शेवटी तारखेमागे, महिन्यातून एकदा. सोमवार १५ तारीख असेल तर रोज, विषम, सोमवार आणि १५ या चार पुठ्ठ्यांमागचं तेवढं काढायचं. रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत दहा मिनिटंही लागत नाहीत. सकाळी करून पाहिलं, पण स्कूलव्हॅनचा हॉर्न वाजत असताना कोणाच्या तोंडून स्तोत्र निघत नाही.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे उजळणी कधी घ्यायची हे मला ठरवावं लागत नाही. पूर्वी माझ्या लक्षात आलं की मी विचारायची, मग तिला आलं नाही की दोघींचा मूड जायचा. आता पुठ्ठ्यावर मंगळवार लिहिलंय म्हणून मंगळवारचं निघतं. आईने पकडलं असं तिला वाटत नाही. दिवसाआडच्या टप्प्यात ती हमखास अडखळते, आठवड्याच्या टप्प्यात कमी, आणि तारखेपर्यंत पोचलेलं कार्ड सहसा सुटत नाही. विसरायला लागायच्या सुमारास पुन्हा समोर येणं, एवढंच काय ते गुपित.

कार्डं तिच्याच हाताने लिहून घेतो. शाळा इंग्रजी माध्यमाची, देवनागरी वाचताना ती थबकायची. ‘सार्वकालिक’ सलग लिहिता येईपर्यंत योहान ३:१६ ची (योहानाच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय, सोळावी ओवी) तीन कार्डं वाया गेली, पण शाळेतलं मराठी शुद्धलेखन सुधारलं. भाषांतर कुठलंही घ्या, पण एकच धरा. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बायबल सोसायटीचं जुन्या वळणाचं वाचतात आणि सासूबाईंचं सगळं त्यातलंच मुखपाठ आहे, म्हणून आम्हीही तेच घेतलं. त्या अहिल्यानगरकडच्या, बोर्डिंगमध्ये शिकलेल्या. स्तोत्र १२१ त्या भाजी निवडता निवडता आठही ओव्या म्हणतात आणि त्यांना कुठल्याही डब्याची गरज नाही!

धाकटा सिनिअर केजीत, त्याला वाचता येत नाही. त्याच्यासाठी हा डबा जवळजवळ निरुपयोगी. तो ऐकून शिकतो, आणि ऐकून शिकणाऱ्यावर लक्ष ठेवावं लागतं. कित्येक दिवस तो भक्तिभावाने म्हणत होता, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही ऊन पडणार नाही.’ मेंढपाळ आहे म्हणजे झाडाखाली बसवत असणार, असं त्याचं स्पष्टीकरण. सासूबाई म्हणाल्या, राहू दे गं, अर्थ कुठे चुकलाय? तरी आता ‘उणे’ म्हणतो. छोट्यांसाठी चाल लावलेली वचनं आणि हातवारे हाच मार्ग, कार्डं दुसरी-तिसरीपासून.

आता तक्रारी. ३१ तारखेमागचं कार्ड वर्षातून सातच वेळा निघतं, म्हणून तिथे अवघड वचन ठेवू नका. ३१ आणि लगेच १ आली की विषमचं कार्ड लागोपाठ दोन दिवस येतं, आणि पोरं ‘कालच म्हटलं’ म्हणून ओरडतात. गणपती-दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा डबा घरीच राहिला, परत आल्यावर गाडी रुळावर यायला वेळ लागला. दुसरं म्हणजे सुटी सुटी वचनं गोळा होतात: इकडचं एक, तिकडचं एक, आधी काय घडलं ते माहीत नाही. म्हणून आम्ही स्तोत्र २३ च्या सहा ओव्यांची सहा कार्डं चालवली आणि सगळी तारखांपर्यंत पोचल्यावर एकाच मोठ्या कार्डावर अख्खं स्तोत्र लिहिलं. पाच जागा मोकळ्या झाल्या आणि अर्थही जुळला. पुढे १ करिंथ १३, म्हणजे प्रीतीवरचा अध्याय, असंच घ्यायचंय.

चॉकलेटचं आमिष आमच्याकडे टिकलं नाही. वचनामागे एक चॉकलेट म्हटल्यावर थोरलीने लगेच योहान ११:३५ निवडलं: ‘येशू रडला.’ दुसऱ्या दिवशी ‘सर्वदा आनंदित असा.’ हुशार आहे, पण दुकान बंद केलं.

पाठांतराचं एक मोबाइल ॲपही पाहिलं. टाइप करून तपासण्याची सोय, पण जोडाक्षर किंवा अर्धविराम इकडचा तिकडे झाला की लाल. ऐकायला मोबाइल चांगला, पाठांतराला कार्डच बरं.

आकड्यांबद्दल माझं मत मंडळीतल्या काहींना पटत नाही. स्पर्धेत वचन अचूक म्हणून ओवीचा क्रमांक चुकला की गुण कापतात. नव्या करारातल्या ओव्यांना आजचे आकडे पडले ते १५५१ साली, रोबेर एतिएन या मुद्रकाच्या ग्रीक आवृत्तीत. त्यातली बरीच पत्रं ज्याच्या नावावर आहेत त्या पौलाने पत्र लिहिताना क्रमांक टाकले नव्हते. संदर्भ शोधायला आकडे हवेतच, आम्ही ते कार्डावर लिहितो आणि मागून म्हणतो, पण त्यावरून मुलाला रडवत नाही.

घ्यावं का? दिवसाच्या शेवटी घर एकत्र बसत असेल तर जरूर. बसत नसेल तर आधी ते जमवा, डबा आपोआप काही करत नाही. आणि मोठ्यांनीही पाठ करायचं, नुसतं तपासायचं नाही. मी इफिसकरांस ६:१ चं कार्ड घातलं, मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावं म्हणून. थोरलीने बायबल उघडून पुढे वाचलं आणि चौथ्या ओवीचं कार्ड स्वतः लिहून वडिलांच्या हातात दिलं: ‘बापांनो, तुम्ही आपल्या मुलांना चिरडीस आणू नका.’ ते सध्या गुरुवारमागे आहे, आणि यांना अजून नीट पाठ नाही.