जुनं कम्प्रेसर पेडल घ्यावं की त्याच सर्किटचं नवं?

कम्प्रेसरचं काम दोन शब्दांत सांगता येतं: जोरात वाजलेला स्वर दाबायचा आणि विरत चाललेला स्वर उचलून धरायचा. स्टुडिओतले चांगले कम्प्रेसर हे इतक्या बेमालूमपणे करतात की ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. १९७०च्या दशकातली गिटारची पेडलं, म्हणजे पायानं चालू-बंद करायच्या डब्या, मात्र ते उघडपणे करतात. पिक तारेवर पडल्याबरोबर 'टक्' होतं, आवाज चेपला जातो आणि मग स्वर फुगत वर येतो. जुन्या पेडलांची ओढ आहे ती या आवाजासाठी. तुम्हाला तो नको असेल, नुसते स्वर एका पातळीत हवे असतील, तर अटॅक (स्वर किती लवकर दाबायचा), रेशो (किती दाबायचा) आणि मूळ आवाज मिसळण्याचा नॉब असलेलं आजचं पेडल घ्या. ते काम ते जास्त चांगलं करेल.

तो आवाज हवाच असेल तर पहिलं नाव एमएक्सआर डायना कॉम्पचं. लाल डबी, नॉब दोनच: आउटपुट आणि सेन्सिटिव्हिटी. आत सीए३०८० ही चिप. तिला जितका करंट द्याल तितका ती आवाज वाढवते, आणि स्वर मोठा आला की सर्किट तो करंट झटकन कमी करतं. करंट परत वाढतो तो सावकाश. या वेळा सर्किटातच ठरलेल्या आहेत, बाहेरून बदलता येत नाहीत. सेन्सिटिव्हिटी अर्ध्याच्या पुढे नेली की हे पेडल लपत नाही. 'पोलीस' बँडच्या अँडी समर्सनं हे वापरलं, डेव्हिड गिल्मोरनंही.

राखाडी रॉस कम्प्रेसरचं सर्किट जवळपास हेच, मोजके भाग वेगळे. माझ्या कानाला तो जरा मऊ लागतो. सबंध कॉर्ड वाजवला तरी आतले स्वर सुटे ऐकू येतात. 'फिश' बँडच्या ट्रे अनास्तासिओमुळे त्याला मागणी फार वाढली. कॉर्ड जास्त वाजवणाऱ्यानं रॉसच्या वळणाचं पेडल घ्यावं, आणि एकेरी तारेवर कंट्री किंवा फंकचे तुकडे वाजवणाऱ्यानं डायना कॉम्प, असं मी सांगेन.

डॅन आर्मस्ट्राँगचा ऑरेंज स्क्वीझर या दोघांपेक्षा निराळा. त्यात चिपऐवजी एफईटी, म्हणजे एका जातीचा ट्रान्झिस्टर, आवाज आवरतो. मूळ डबी पायाखाली ठेवायची नव्हतीच, ती थेट गिटारच्या जॅकमध्ये खोचायची. बाहेर एकही नॉब नाही. कम्प्रेशन कमी-जास्त करायचं तर गिटारचाच व्हॉल्यूम फिरवायचा, आणि हाताला सवय झाली की याहून सहज काही नाही. पण रोजच्या वापरासाठी हे सर्किट पायाखालच्या डबीत बसवलेलं नवं पेडलच बरं.

आता खरा प्रश्न: मूळ पेडल की नवं? सीए३०८०चं उत्पादन कधीच थांबलं आहे, म्हणून नव्या पेडलांत बहुधा एलएम१३७०० असते. तिच्यात त्याच जातीचे दोन अॅम्प्लिफायर एकत्र असतात. बाकी सर्किट तेच ठेवलं तर बँडसोबत वाजवताना फरक ओळखता येईल असं मला वाटत नाही. जुन्या पेडलात खरा फरक पडतो तो वयामुळे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतात, नॉब खरखरतात. शिवाय जुन्या डायना कॉम्पचा स्विच फक्त बाहेर जाणारा आवाज बदलतो. गिटारची केबल बंद पेडलातही सर्किटला जोडलेलीच राहते, त्यामुळे वरचा चकचकीतपणा थोडा मरतो. कर्कश अॅम्पसमोर हे काहींना आवडतं. सुरुवातीच्या नगांना दिवा नाही, अडॅप्टरची जागा नाही, फक्त बॅटरी. त्या नगांवरच्या वळणदार अक्षरातल्या लोगोला मोठा मान आहे, पण लोगोनं आवाज बदलत नाही.

हिस्, म्हणजे मागची सळसळ, मात्र जुन्या-नव्या दोन्हींत आहे. तुम्ही वाजवायचं थांबलात की सर्किट आवाज पूर्ण वाढवतं आणि गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपची घरघरही वर येते. 'नवं घेतलं की नॉइज जाईल' या आशेनं निवड करू नका.

जुनंच हवं आणि कटकट नको, तर बॉसचं सीएस-२ बघा. १९८१चं, तीन नॉब, अटॅक बदलता येतो, डबी दणकट. मात्र ते जास्त व्होल्ट देणाऱ्या बॉसच्या जुन्या एसीए अडॅप्टरसाठी बनलेलं आहे. साध्या ९ व्होल्टच्या अडॅप्टरवर दिवा मंद लागला तर पेडल बिघडलं असं समजू नका.

कुठलंही जुनं पेडल घेण्याआधी तुमच्याच गिटारवर, क्लीन अॅम्पवर वाजवून बघा. एक स्वर लावून तो विरेपर्यंत ऐका. आवाज वर येताना थरथरला किंवा मध्येच तुटला, तर दुरुस्ती धरूनच सौदा करा. मग पेडल बंद करून गिटार सरळ अॅम्पला जोडा आणि दोन्हींतला फरक तुम्हाला चालतो का ते ठरवा.